इथून पुढे अंदाज

बर्फ सोलायचं काम वर्षातून एकदाच येतं आणि ते मेणबाईंनीच करायचं असतं, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. खरा बर्फ वर डोंगराच्या घळीत आहे. तो आपला आपणच सोलला जातो आहे, त्याला कुणाच्या हाताची गरज उरलेली नाही. मेणबाई सोलतात तो मेणाचा.

नमुनाघराच्या मोठ्या दालनात मधोमध सहा मीटर लांबीचं टेबल आहे आणि त्यावर अख्खी हिमनदी पसरलेली आहे. हिमनदी म्हणजे बर्फाची नदी. वाहते, पण इतकी सावकाश की तुम्ही तिच्या काठी डबा उघडून जेवलात आणि वर झोप काढलीत, तरी ती वीतभरसुद्धा सरकलेली नसते. टेबलावरचे डोंगर प्लास्टरचे आहेत आणि बर्फ पांढऱ्या मेणाचा. डोंगरातला एक मीटर म्हणजे इथला एक मिलिमीटर. हे सगळं मेणबाईंच्या वडिलांनी अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी बांधलं. ते छतांवर वेलबुट्टी काढणारे गिलाव्याचे कारागीर होते. नमुना बांधून झाल्यावर त्यांनी एकच नियम घालून दिला: वर बर्फ जेवढा असेल तेवढाच इथे दाखवायचा. वाढला तर मेण चढवायचं, घटला तर काढायचं. त्यांच्या हयातीत दोनदा चढवलं होतं. मेणबाईंच्या हाती सुरी आल्याला आता तीस वर्षं झाली आणि चढवायचा योग एकदाही आला नाही.

दरवर्षी पाहुण्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी धाकटा भाऊ वरून आकडे आणून देई. तो मोजणी खात्यात होता. उंच, काटकुळा आणि दिसेल ते मोजणारा. स्वतःच्या लग्नात त्याने सासरच्या जिन्याच्या पायऱ्या मोजल्या होत्या. गाव त्याला फूटपट्टी म्हणे. फूटपट्टी आकडे देई, मेणबाई स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवून कापडाला पुसत आणि मेणाचा पापुद्रा काढत. वरच्या अंगाला दोन मिलिमीटर, मध्यावर तीन, खालच्या टोकाशी सहा. या खालच्या टोकाला हिमनदीची जीभ म्हणतात.

शाळेची मुलं नमुना बघायला आली की मेणबाई एकेकाला बर्फावर बोट ठेवायला लावत. "काय लागतंय?"

"गार," मुलं म्हणत.

"मेण आहे ते! डोळ्यांनी सांगितलेलं बोट कशाला बोलतंय? पुन्हा ठेव, आणि बोटालाच विचार."

त्या वर्षी सोमवारी सकाळी सुरी तापली, तोच नमुनाघराचे सचिव दालनात आले. त्यांना या खुर्चीवर बसून दोनच वर्षं झाली होती. बोलणं मऊ आणि बूट नेहमी चकचकीत.

"बाई, यंदा सुरी राहू द्या."

"का? आकडे दुपारी येतायत."

सचिवांनी भिंतीवरच्या मोठ्या फोटोंकडे बोट केलं. दोन फोटो होते. एकात बर्फ चढवण्याआधीचा उघडा प्लास्टरचा नमुना, दुसऱ्यात उद्घाटनाच्या दिवशीची भरगच्च पांढरी हिमनदी. "या दुसऱ्यासारखं करायचंय. लोक इतक्या लांबून येतात आणि ही एवढीशी जीभ बघून हिरमुसतात. बर्फ जाणार तो जाणारच. दरवर्षी रडून दाखवायचं कशाला?"

"रडतंय कोण? मोजतोय आम्ही."

"मेण चढवा, बाई."

"साहेब, आधी वर जाऊन बर्फ चढवून या. खाली उतरलात की त्याच दिवशी मी मेण चढवते."

सचिवांचा आवाज जरा कमी मऊ झाला. नमुना संस्थेचा आहे म्हणाले. जमत नसेल तर हा हलवू आणि फायबरचा नवा आणू.

"हलवा की," मेणबाई म्हणाल्या. "बाबांनी तो आतच बांधलाय. टेबल बाहेर काढायचं तर भिंत पाडावी लागेल, आणि भिंत पाडली की वरचं छत. छतावरची वेलबुट्टीही बाबांचीच आहे, ती तेवढी सांभाळून उतरवा."

सचिवांनी दाराकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, आणि निघून गेले.

दुपारी फूटपट्टी आला. हातात कागदांची गुंडाळी होती, पण त्याने ती उघडली नाही. ताईच्या बाकावर बसला आणि बुटांच्या नाड्यांकडे बघत म्हणाला, "ताई, उंबरा नाहीये."

"कुठला उंबरा?"

"आपला. बाबांचा."

हा उंबरा म्हणजे काय, ते सांगायला हवं. पहिल्या फोटोत, उघड्या प्लास्टरमध्ये, जिभेखाली घळीच्या तोंडाशी एक जाडजूड आडवा कातळ दिसतो. उद्घाटनाच्या भाषणात बाबा त्याला कौतुकाने घळीचा उंबरा म्हणाले होते. मग त्यावर मेण चढलं, उंबरा झाकला गेला, पण नाव गावाच्या तोंडात बसलं. पुढे घळीखाली ओढ्याच्या काठाने घरं झाली, खालची वस्ती उभी राहिली, तेव्हा लोक एकमेकांना सांगत, वर दगडाचा उंबरा आहे, खाली काय यायचंय? तो उंबरा खरोखर कुणीही पाहिलेला नव्हता. त्यावर शंभर मीटर बर्फ होता.

"दोन हिवाळे त्या बर्फावरून यंत्र ओढतोय," फूटपट्टी म्हणाला. "बर्फातून खाली लहरी सोडायच्या, त्या दगडावर आपटून परत येतात. किती वेळाने आल्या त्यावरून खोली कळते. ताई, तिथे कातळ नाही. खड्डा आहे, चाळीस मीटर खोल. आणि खड्ड्याच्या पुढे नुसता ढिगारा. हिमनदीनेच ढकलत आणलेली माती आणि धोंडे. जीभ मागे सरकतेय तसं खड्ड्यात पाणी साठतंय. ढिगारा फुटला तर ते सगळं खालच्या वस्तीवर येईल."

"लोकांना सांगितलंस?"

"सांगितलं ना, मागच्या आठवड्यात. तीन आलेख, एक तक्ता. इस्त्रीवाल्या काकू म्हणाल्या, 'पोरा, तुझ्या कागदापेक्षा तुझ्या बापाचा दगड जाड आहे.' सगळे हसले. मलापण हसू आलं, काय करणार?"

शनिवारी याच दालनात सभा होती. ढिगाऱ्यातून चर खणून पाणी हळूहळू उतरवायचं की नाही, ते हात वर करून ठरणार होतं. चर खणायचा तर पाहुण्यांची वरची वाट दोन हंगाम बंद, म्हणून सचिव विरोधात. आणि खालची वस्ती, जिच्यासाठी चर खणायचा, तीच विरोधात. उंबरा असताना उगाच डोंगर कशाला उकरायचा?

मेणबाईंना आधी राग आला तो भावाचाच. "बाबांना खोटं पाडायला निघालास?"

"मी कुणाला पाडत नाहीये गं. मोजलंय फक्त."

"जा घरी. कागद ठेवून जा."

तो गेला. त्यांनी कागद उघडले. वाकड्या रेघा, छायेचे पट्टे, आकडे. तीस वर्षं त्याचे आकडे त्या वाचत आल्या होत्या, पण ते काढायच्या मेणाचे. हे बर्फाच्या पोटातल्या खड्ड्याचे आकडे काही केल्या डोक्यात शिरेनात. मग त्यांनी आपल्याला येतं ते केलं. शाडूचा गोळा मळून पाटावर थापला. भावाने चाळीस ठिकाणची खोली दिली होती. चाळीस तारा मापाने कापून त्या पाटावर रोवल्या, आणि प्रत्येक तारेच्या टोकापर्यंत माती दाबत नेली. मंगळवारची दुपार त्यातच गेली. संध्याकाळी त्यांनी डोळे मिटून मातीवरून हात फिरवला. वरून खाली उतरत आलेला तळवा एकदम खाली गेला, आणि पुढे त्याला अडवणारं काही लागलंच नाही.

कागदावर न कळलेलं हाताला कळलं होतं.

बुधवारी त्यांनी जिभेवरचं मेण सोलायला घेतलं. यंदा जीभ साठ मीटर मागे गेली होती, म्हणजे टेबलावर सहा सेंटिमीटर. सुरी सावकाश चालली. शेवटचा पापुद्रा निघाला आणि अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा उंबऱ्याची वरची कड उजेडात आली. तिच्या अलीकडे, प्लास्टरवर, सुताराच्या जाड पेन्सिलीने ओढलेली एक रेघ होती. रेघेशेजारी बाबांचं गोल, ठसठशीत अक्षर:

इथपर्यंत पाहिलं. इथून पुढे अंदाज. कळेल तेव्हा दुरुस्त करावं.

मेणबाईंनी ते तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. मग टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "आणि हे मेणाखाली लिहिलंत, बाबा? भाषणात सांगायला काय झालं होतं? उंबरा उंबरा करत मिरवलात तेवढं!"

दालनात कुणी नव्हतं म्हणून बरं. तासभर त्या बाबांशी भांडल्या. चहा ओतून घेतला आणि तो तसाच थंड होऊ दिला. मग त्यांनी खणातून छिन्नी काढली.

पहिला घाव घालताना हात जड झाला. ही कड बाबांनी अंगठ्याने गोल केली होती, अंगठ्याचा ठसा अजून तिथे होता. घाव बसला, टवका उडाला, आत प्लास्टर आणि गोणपाटाचे धागे. दुसरा घाव थोडा सोपा गेला. गुरुवार संपेपर्यंत उंबरा गेला होता, आणि शुक्रवारी जेवणाच्या सुटीपर्यंत तिथे चार सेंटिमीटर खोल खड्डा तयार होता, मातीच्या नमुन्याबरहुकूम, आत पाणी न मुरणारा रंग दिलेला. खड्ड्याच्या पुढे त्यांनी कातळाच्या जागी बारीक खडी आणि वाळूचा ढीग रचला. डिंकाचा थेंबही लावला नाही. वर डिंक नव्हता.

तेवढ्यात सचिव आले. मागे दोन हमाल, त्यांच्या हातात मेणाची खोकी.

सचिवांचे डोळे पांढरे झाले. "बाई! हे काय करून ठेवलंत? वडिलांच्या कामाची ही अवस्था?"

"वडिलांनीच सांगितलंय." मेणबाईंनी पेन्सिलीच्या अक्षरांवर बोट ठेवलं.

सचिवांनी वाकून वाचलं. मग म्हणाले, "पेन्सिल आहे. पुसली जाते." आणि हमालांकडे वळले. "भरा रे हे सगळं. फोटोसारखं."

मेणबाईंनी स्टूल ओढलं आणि बरोबर जिभेसमोर मांडून त्यावर बसल्या. दोन्ही हात खड्ड्यावर आडवे धरले. "भरा. माझ्या हातांवरून ओता."

हमाल एकमेकांकडे बघू लागले. त्यातला जाडा जरा खाकरला. "साहेब, मेण आधी वितळवावं लागतं. शेगडी बाईंची आहे."

"मग मागून घ्या!"

"बाई, शेगडी देता का?"

"नाही."

"नाही म्हणतायत, साहेब."

सचिव लाल झाले. उद्याची सभा संपली की तुमचं इथलं काम संपलं, म्हणाले.

"लेखी द्या," मेणबाई म्हणाल्या. "आणि तारीख नीट घाला. आमच्या घरात मोजमापाला फार किंमत आहे."

शनिवारी दालन भरलं. लोक खुर्च्या सोडून आधी टेबलाकडेच आले आणि जागच्या जागी थबकले. मग कुजबुज आणि पाठोपाठ गलका. सचिवांना काही बोलावंच लागलं नाही. ते हाताची घडी घालून बाजूला उभे राहिले.

इस्त्रीवाल्या काकू गर्दीतून पुढे आल्या. खालच्या वस्तीत त्यांचा शब्द चाले. मेणबाईंच्याच वयाच्या, शाळेत एका बाकावरच्या. "अगं, बापाचा उंबरा फोडलास? हात कसे धजावले तुझे?"

"धजावत नव्हते. तरी फोडला."

"वेड लागलंय तुला. त्या फूटपट्टीच्या नादी लागून…"

"हे वाच." मेणबाईंनी पेन्सिलीच्या अक्षरांवर बोट ठेवलं. काकूंनी ते मोठ्यांदा वाचलं. मागून कुणीतरी ओरडलं, "स्वतःच लिहिलं असेल!" हशा पिकला.

मेणबाईंची कानशिलं तापली. शेजारीपाजारी, एकत्र वाढलेली माणसं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांत एकच: हिने आपलं काहीतरी मोडलं. घटकाभर त्यांना वाटलं, सगळं इथेच टाकून घरी जावं. तसं न करता त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि काकूंच्या हातात दिला. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. माझ्या भावावर नको आणि माझ्या बापावरही नको. तू ओत. खड्डा भरेपर्यंत."

"मी कशाला?"

"कारण तुझं घर सगळ्यात वरचं आहे."

काकूंनी नाक मुरडलं, पण पाणी ओतलं. खड्डा काठोकाठ भरला. वाळूचा ढीग तसाच उभा राहिला. सगळे वाकून बघत होते.

काही झालं नाही.

"धरलं की पाणी!" मागून आवाज आला. सचिव हसले. मेणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. बोटाने जरासा ढोसला असता तर ढीग कोसळला असता, कुणाला कळलंही नसतं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. फूटपट्टी घड्याळाकडे बघत होता. "थांबा," तो म्हणाला. "जरा थांबा."

लोक चुळबुळले. दोघेतिघे खुर्च्यांकडे वळलेसुद्धा. आणि मग ढिगाच्या पायथ्याशी वाळूचा रंग गडद झाला. दोऱ्याएवढी एक धार निघाली. धारेबरोबर चार खडे घरंगळले, मग दहा, मग ढीग मधोमध खचला आणि सगळं पाणी एका दमात वाळू घेऊन सुटलं, घळीच्या तोंडातून, टेबलाच्या कडेवरून, खाली काकूंच्या चपलांवर.

पुढे वाकलेले सगळे एकदम मागे सरकले.

फूटपट्टी घसा साफ करून म्हणाला, "हे मोजमाप नाही बरं का. वाळू निराळी, वेळ निराळा. हे नुसतं दाखवणं आहे."

"गप रे जरा," मेणबाई पुटपुटल्या.

"नाही ताई, सांगू दे. कधी फुटेल ते मला माहीत नाही. फुटेलच असंही मी म्हणत नाही. पण खड्डा चाळीस मीटर आहे, त्यात पाणी चढतंय, आणि पुढे धरायला कातळ नाही. एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. जे माहीत नाही तेही सांगतोय, बाबांसारखं झाकून ठेवत नाही."

काकू आपल्या ओल्या पावलांकडे बघत होत्या. "आणि आमची घरं कुठे आहेत यात?"

"यात नाहीत," मेणबाई म्हणाल्या. "टेबल घळीच्या तोंडाशी संपतं."

"म्हणजे आम्ही या टेबलावर कधी नव्हतोच?"

"नव्हता."

"मग मी उभी आहे तिथे माझं घर."

"साधारण तिथेच. अर्धी वीत पुढे."

काकूंनी अर्धी वीत पुढचं डबकं पाहिलं. मग त्या वळल्या आणि खालच्या वस्तीच्या लोकांवर खेकसल्या, "काय बघताय तोंडाकडे? हात वर करायचे असतात ना? करा!" आणि स्वतःचा हात वर केला. एकेक करत दालनभर हात वर गेले. फूटपट्टीने ते दोनदा मोजले. विरोधात सात निघाले, त्यात सचिवांचा एक.

लोक पांगले तेव्हा सचिवांनी घडी घातलेला कागद पुढे केला. "लेखी मागितलं होतंत. सोमवारपासून येऊ नका."

मेणबाईंनी तो वाचला, घडी घालून पदराखाली खोचला. "सोमवारी नऊ वाजता सुतार येतोय. टेबल दीड मीटर लांब करायचंय, खालच्या वस्तीपर्यंत."

"कुणाच्या परवानगीने?"

"आमच्या," दारातून काकू म्हणाल्या. त्या गेल्याच नव्हत्या. "तुम्ही बाईंना आत सोडलं नाहीत, तर आम्ही सगळे इथे रांगेत उभे राहू. पाहुण्यांना बघायला तेवढंच नवीन."

सोमवारी सुतार आला. सचिवांनी आपल्या खोलीचं दार लावून घेतलं ते संध्याकाळपर्यंत उघडलं नाही. नव्या फळीवर फूटपट्टीने ओढा आखून दिला, आणि मेणबाई लाकडाच्या चिपांतून घरं कोरायला बसल्या. काकू इस्त्रीचं काम टाकून शेजारी उभ्या.

"हे काय, माझं घर एक मजली?"

"अगं, सहा मिलिमीटरचं आहे तुझं घर. मजले दिसणार कुणाला?"

"मला दिसतील. दोन मजली आहे, आणि जिना बाहेरून. बावीस पायऱ्या."

"एकवीस," फूटपट्टी मान वर न करता म्हणाला.

"तू मोजल्यास कधी रे?"

मेणबाईंनी चष्मा नाकावर सरकवला, सगळ्यात बारीक सुरी निवडली, आणि पहिली पायरी कोरायला घेतली.